मुक्तज्ञानाच्या प्रांतिक मंडळाची कार्ययोजना : पूर्वसूरींच्या खटाटोपावरून कांहीं विचार

इतिहासाचीं व वाङ्मयाचीं जुनीं साधनें जमवून तीं सर्वांस विनामूल्य आणि कोणाच्याहि परवानगीवांचून वापरतां येतील अशा रीतीनें खुलीं करावीं, या हेतूनें अलीकडे प्रांतोप्रांतीं स्वयंसेवकांचीं लहान मंडळें निघत आहेत. मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश २००३ पासून चालूं आहे. जुने ग्रंथ जसेच्या तसे उतरून ठेवण्याचें त्याचें भावंड, विकिस्रोत, हें मराठीपुरतें २०१२ मध्यें स्वतंत्र झालें. या दोहोंत लिहिणारांस पगार नाहीं, मानधन नाहीं, आणि बहुधा नांवहि नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या जिल्ह्यांतील अशा सातआठ तरुणांनीं प्रस्तुत लेखकास आपल्या मंडळाची वर्षाची कार्ययोजना पाहून देण्याविषयीं विचारलें. त्यांच्या खर्ड्यांत सहा महिन्यांत दहा हजार पानांचीं छायाचित्रें, तीन लेखनस्पर्धा व दोन मेळावे असा बेत होता. उत्साहास कोठेंहि उणें नव्हतें. परंतु कागद कोणाचे, ते वाचावयाचे कोणीं, आणि वाचनांत चूक झाली तर ती शोधावयाची कशी, यांविषयीं त्यांत एक ओळहि नव्हती.

हें काम मुळांत नवें नाहीं; उपकरणें मात्र नवीं आहेत. वर्गणीवर आणि पदरमोडीनें हाच उद्योग महाराष्ट्रांतील लोक सुमारें दीडशें वर्षें करीत आले आहेत. त्यांच्या योजना कोठें टिकल्या आणि कोठें अडल्या हें पाहूनच पुढची योजना आंखणें इष्ट. या दृष्टीनें जुने खटाटोप चाळले असतां असें दिसतें कीं, ज्या कामाचें माप लहान व ठरलेलें होतें, आणि मूळ कागद कोठचा व कोणाजवळचा याची नोंद ज्यांत झाली, तें काम पुढच्या पिढीस जसेंच्या तसें उपयोगी पडलें. ज्यांत ही नोंद राहिली, तें कितीहि भव्य असलें तरी पुन्हां मुळापासून करावें लागलें, किंवा करतांच आलें नाहीं.

प्रथम काव्येतिहाससंग्रह घेऊं. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनीं, आरंभीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या साहाय्यानें, हें मासिक १८७८ मध्यें सुरूं केलें. साने व मोडक हे दोघेहि अध्यापनाच्या पेशांतले. म्हणजे नोकरी सांभाळून उरलेल्या वेळांत करण्याचें हें काम. संस्कृत काव्यें, मराठी कविता, बखरी आणि ऐतिहासिक पत्रें यांतील थोडें थोडें दरमहा छापावयाचें व वर्गणीदाराच्या घरीं पोंचवावयाचें, एवढीच योजना. परंतु सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर यांसारखीं, ज्यांवांचून आज मराठ्यांच्या इतिहासाचें पान उलटत नाहीं तीं साधनें, सान्यांच्या टिपांसह सामान्य वाचकाच्या हातीं पडलीं तीं याच मार्गानें. दहा-अकरा वर्षांनीं मासिक थांबलें. त्यांतील 'पत्रें, यादी वगैरे' या भागाची नवी आवृत्ति सरदेसाई, काळे व कुलकर्णी यांनीं काढली ती १९३० मध्यें. मध्यंतरीच्या चाळीस वर्षांत ज्याच्या घरीं जुने अंक असतील त्यानें ते जपावे आणि इतरांनीं ते उसने मागावे, अशीच स्थिति होती. छापलेलें ज्ञान प्रसिद्ध झालें म्हणजे मुक्त झालें असें नव्हे. प्रति संपल्या कीं तें पुन्हां कोणाच्या तरी कपाटांत जातें.

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचा मार्ग निराळा. ते मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत. तेव्हां प्रस्तुत लेखकास त्यांच्याविषयीं थोडा पक्षपात असल्यास वाचकांनीं क्षमा करावी. शास्त्रीबोवांनीं सबंध महाराष्ट्र पालथा घालण्याचा संकल्प सोडला नाहीं. त्यांनीं पटवर्धनांचें दप्तर धरलें आणि १८९७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२४ पर्यंत, तेंच वाचलें, निवडलें, कालानुक्रमें लाविलें आणि ऐतिहासिक लेखसंग्रहाच्या रूपानें भागशः छापलें. मागील काम त्यांच्या चिरंजीवांनीं पुढें नेलें. उत्तर पेशवाईच्या राजकारणाचा अभ्यासक आजहि ज्या विश्वासानें खऱ्यांचें पान उघडतो, त्याचें कारण त्यांची विद्वत्ता हें तर खरेंच. पण त्याहून मोठें कारण म्हणजे त्यांची मर्यादा. एक दप्तर, एक वाचक, एक क्रम. आजच्या मंडळाच्या योजनेस यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. घेऊं नये तें एवढेंच कीं, खऱ्यांचें वाचन बरोबर कीं चूक हें पडताळण्यास वाचकास मिरजेस जाण्यावांचून दुसरा मार्ग नव्हता.

ही पडताळ्याची गोष्ट क्षुल्लक नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या उदाहरणानें ती स्पष्ट होते. राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून दप्तरें मिळविलीं आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड सिद्ध केले. जो छापखाना व जें मासिक मिळेल त्यांतून ते निघाले. एका माणसानें एवढें केलें याचें आश्चर्य शंभर वर्षांनींहि ओसरत नाहीं. परंतु याच राजवाड्यांस ज्ञानेश्वरीची एक अतिप्राचीन वाटणारी पोथी सांपडली. १९०९ मध्यें त्यांनीं ती छापली व तिच्या भाषेचें व्याकरणहि लिहिलें. ती पोथी पुढें कोणास पाहावयास मिळाली नाहीं. ती कशी गेली याविषयीं आख्यायिका पुष्कळ आहेत. त्यांची येथें चर्चा नको. परिणाम मात्र निर्विवाद आहे. राजवाडे प्रतींतील एखादें रूप खरोखर पोथींत होतें, लेखकाच्या हातून झालेलें होतें, कीं वाचनांत शिरलेलें होतें, याचा निर्णय आतां कोणीहि देऊं शकत नाहीं. एकनाथपूर्व मराठीच्या व्याकरणाचा एक खांब असा हवेंत उभा आहे. त्या पोथीच्या प्रत्येक पत्राचें एक एक छायाचित्र असतें, तर अर्ध्या शतकाचा वाद मिटला असता. येथें राजवाड्यांची निंदा करण्याचा हेतु नाहीं. त्यांच्या योजनेंत दुसऱ्या डोळ्यास जागा नव्हती, इतकेंच म्हणणें आहे.

संस्कृतच्या प्रांतांत हा प्रश्न फार पूर्वीं ओळखला गेला होता. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ पासून हातीं घेतली आणि १९६६ मध्यें पुरी केली. तिच्यांत संपादकानें स्वीकारलेला पाठ वर आहे. टाकलेले पाठ कोणत्या प्रतींत आहेत तें खालीं दिलें आहे. ज्यास संपादकाचा निर्णय मान्य नसेल त्यास तेथल्या तेथें दुसरा निर्णय करतां येतो. सुकथनकरांच्या निर्णयाविरुद्ध लिहिणारांनींहि आपली सामग्री त्यांच्याच तळटीपांतून घेतली. वाचकाच्या हातीं निर्णय देण्यासोबत निर्णय फिरविण्याचें साधनहि देणें, हाच मुक्तज्ञानाचा खरा अर्थ प्रस्तुत लेखक समजतो. फुकट मिळणें हा त्याचा गौण अंश होय.

१९१० मध्यें राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या उद्योगानें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तेव्हां हें काम व्यक्तीकडून संस्थेकडे आलें. सभेंत कागद वाचावयाचा, त्यावर चर्चा व्हावयाची, आणि मग तो वृत्तांत छापावयाचा, या क्रमामुळें दुसरा डोळा आपोआप मिळाला. जेधे शकावली हें याचें उत्तम उदाहरण. भोरकडील कारी गांवच्या जेधे देशमुखांच्या घराण्यांत शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घडामोडींची ही त्रोटक जंत्री होती. ती लोकमान्य टिळकांनीं १९१६ मध्यें मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध केली. तींत शिवजन्माची तिथि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, अशी पडली. बखरींच्या आधारें तोंपर्यंत शके १५४९ धरण्याची वहिवाट होती. एका घराण्याच्या एका वहीवर एवढी मोठी इमारत उठविणें धोक्याचें होतें, आणि विरोधकांनीं तसें स्पष्ट बजावलें. पुढें स. म. दिवेकरांनीं तंजावराकडे मिळालेलें परमानंदाचें शिवभारत हें संस्कृत काव्य १९२७ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांतहि तोच शक निघाला. जोधपूरकडील कुंडलीसंग्रहानें तिसरी साक्ष दिली. महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत मानली ती २००१ मध्यें.

या प्रकरणांत संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्यासारखा एक मुद्दा आहे. कारीच्या देशमुखांस तंजावरची पोथी ठाऊक नव्हती, तंजावरास जोधपूर ठाऊक नव्हतें. प्रत्येकाजवळचा कागद एकटा होता तोंपर्यंत घराण्याचें कौतुक एवढीच त्याची किंमत. तिन्ही उजेडांत आले तेव्हां पुरावा झाला. जेध्यांनीं ती वही गांठोड्यांतच ठेवली असती, तर शिवभारतांतील शकास लेखनप्रमाद म्हणून बाजूस सारणारे टीकाकार पुष्कळ निघाले असते.

याच काळांतील शिवकालीन पत्रसारसंग्रह (१९३० व १९३७) हें नियोजनाच्या दृष्टीनें प्रस्तुत लेखकास सर्वांत अनुकरणीय वाटतें. न. चिं. केळकर व द. वि. आपटे यांनीं हजारों पत्रें समग्र छापण्याचा हव्यास धरला नाहीं. तारीख, कोणाचें कोणास, दोनचार ओळींत सार, आणि मूळ कोठें, एवढेंच प्रत्येक पत्राचें दिलें. तसेंच शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि केली व ती १९४३ मध्यें बाहेर पडली. सूचि करणारास कीर्ति मिळत नाहीं. तिचा उपयोग करणारा तिचें नांवहि घेत नाहीं. पण मराठी ग्रंथांविषयीं कोणतेंहि काम करूं लागलें कीं पहिली धांव अजून दात्यांकडेच जाते.

उलट बाजूचें उदाहरण आपल्या काळांतलें आहे. भारत सरकारच्या साहाय्यानें चाललेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पांत लाखों ग्रंथांचीं पानें यंत्रांतून काढलीं गेलीं. मराठीहि पुष्कळ होतीं. ग्रंथनामें रोमन लिपींत ज्याला जशीं सुचलीं तशीं लिहिलेलीं, कर्त्याचें नांव एका ठिकाणीं एक व दुसऱ्या ठिकाणीं दुसरें, मधलीं पानें गळलेलीं, कांहीं तिरपीं. ग्रंथ तेथें असूनहि सांपडूं नये अशी अवस्था. तें संकेतस्थळ २०१७ च्या सुमारास बंद पडलें. तत्पूर्वीं स्वयंसेवकांनीं त्यांतील बराच भाग इंटरनेट आर्काइव्ह या भांडारांत उतरून घेतला म्हणून तो वांचला, आणि आज तेच स्वयंसेवक एकेका ग्रंथाचें नांव दुरुस्त करीत बसले आहेत. पानांची संख्या हेंच ज्या योजनेचें ध्येय असतें तिचा शेवट असा होतो.

आतां नव्या उपकरणांचें बलाबल. विकिस्रोतावर एका बाजूस मूळ पानाचें छायाचित्र व दुसऱ्या बाजूस त्याचा उतारा अशी मांडणी करतां येते. प्रत्येक पानास रंगाची खूण असते: नुसतें उतरलेलें तांबडें, एकानें ताडलेलें पिंवळें, दुसऱ्यानें पुन्हां ताडलेलें हिरवें, आणि ज्यानें पिंवळें केलें त्यासच तें हिरवें करतां येत नाहीं असा नियम आहे. केव्हां कोणीं कोणतें अक्षर बदललें याचा इतिहास पानामागें कायम राहतो. राजवाड्यांच्या योजनेंत जें नव्हतें तें येथें यंत्राच्या नियमांतच गोंवलेलें आहे. छापील बालबोध अक्षर संगणक बऱ्यापैकी वाचतो. मोडी हस्ताक्षरासाठीं प्रयत्न चालूं आहेत. परंतु त्यांवर डोळे मिटून विसंबावें अशी स्थिति नाहीं. मोडीस युनिकोडांत स्थान २०१४ मध्येंच मिळालें, तथापि संगणकावर मोडी लिहितां येणें निराळें आणि दोनशें वर्षांपूर्वींच्या कारकुनाची घाई वाचतां येणें निराळें. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्द तोडलेले नाहींत, आणि सन अरबी शब्दांत. 'सलास समानीन मया व अलफ' म्हणजे सुहूर सन ११८३. त्यांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढें ६०० मिळवावयाचे, म्हणजे इ. स. १७८२-८३. हें ज्यास ठाऊक नाहीं तो स्वयंसेवक कागद उत्तम उतरील आणि तारीख वर्षभर चुकवील.

हक्काच्या कायद्याविषयीं दोन शब्द अवश्य आहेत, कारण तरुण मंडळी येथें एकतर फार भितात किंवा मुळींच भीत नाहींत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षें हक्क चालतो. पूर्वीं पन्नास होतीं तीं १९९२ मध्यें साठ झालीं. खरे १९२४, राजवाडे व पारसनीस १९२६, साने १९२७, ज्ञानकोशकार केतकर १९३७ या वर्षीं निवर्तले. त्यांचें छापील लेखन निःशंक घ्यावें. सरदेसाई १९५९ मध्यें वारले, म्हणून त्यांचें स्वतःचें लेखन आपल्या देशांत २०२० च्या आरंभीं मोकळें झालें. परंतु हीं भांडारें अमेरिकेंत असल्यामुळें तेथील कायदाहि पाहावा लागतो, आणि तो निराळा आहे. अठराव्या शतकांतील पत्राच्या मजकुरावर आज कोणाचा हक्क नाहीं. त्यास अलीकडच्या संपादकानें जोडलेली प्रस्तावना व टिपा यांवर मात्र असूं शकतो. ही रेषा स्वयंसेवकानें कधींहि ओलांडूं नये.

पण आपल्या वाचकांचा, म्हणजे ज्यांच्या घरीं रुमाल आहेत त्यांचा, प्रश्न कायद्याचा नसून मनाचा आहे. छायाचित्र एकदा बाहेर गेलें कीं आपल्याजवळच्या कागदाची किंमत गेली, असें पुष्कळांस वाटतें. वतनाच्या जुन्या तंट्यांचे कागद बाहेर आले तर भाऊबंदकी पुन्हां उकरेल, अशीहि भीति असते. कोणीतरी कागद पाहावयास नेले ते परत आलेच नाहींत, हा अनुभव तर घरटीं ऐकूं येतो. यांतली शेवटची तक्रार खरी आहे आणि तिला जुनी संशोधक मंडळीहि सर्वस्वीं अपवाद नव्हती. म्हणून योजनेचा पहिला नियम असा हवा कीं, कागद मालकाच्या उंबऱ्याबाहेर जाणार नाहीं. छायाचित्र त्याच्याच ओटीवर, त्याच्या देखत काढलें जाईल. दुसरें, मालकास आधींच स्वच्छ सांगावें कीं मुक्त परवान्याखालीं दिलेली वस्तु परत घेतां येत नाहीं. क्रिएटिव्ह कॉमन्स नांवाचे जे परवाने आहेत ते मागें घेण्याजोगे नाहींत, आणि इतर कोणीं त्यावर पुस्तक छापून विकलें तरी तक्रार करतां यावयाची नाहीं. हें लपवून मिळविलेली संमति संमति नव्हे. जमिनीच्या वादाचे कागद मालकानें बाजूस काढले तर ते मुकाट्यानें बाजूस ठेवावे. त्यांची नुसती संख्या लिहिली तरी तूर्त पुरे. किमतीच्या भीतीस उत्तर जेधे शकावलीनें दिलेंच आहे. ती प्रसिद्ध झाल्यानें जेध्यांचें नांव इतिहासाच्या प्रत्येक ग्रंथांत गेलें. संस्थांनाहि हें पटूं शकतें. गोवा विद्यापीठानें आपला कोंकणी विश्वकोश २०१३ मध्यें अशाच परवान्याखालीं मोकळा केला, आणि कोंकणी विकिपीडियास त्याचा आधार मिळाला.

सरकार हें सर्व करीलच, मग आपण कशास, असेंहि कोणी म्हणतात. जुन्या काळीं पेशवे दप्तराच्या दारांत खासगी संशोधक किती वर्षें तिष्ठत राहिले, आणि निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या काळांत निघाले तेव्हां कोठें तें थोडें उघडलें, हें आठवावें. आजच्या काळीं, २००३ मध्यें निघालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशननें पोथी म्हणजे काय हें ठरवितांना फर्मानें, महसुली कागद व शिलालेख यांस पोथींतून वगळलें. ज्यांत विद्या आहे ती पोथी. ज्यांत घडामोड आहे तें दप्तर. व्याख्या सयुक्तिक आहे, पण परिणाम असा कीं, घरोघरचीं मोडी दप्तरें तिच्या बाहेर राहिलीं. प्रांतिक मंडळानें हात घालावा तो नेमका येथें. ज्ञानेश्वरीची विसावी पोथी शोधण्यापेक्षां कुळकर्ण्याच्या घरचा जमाखर्च पाहावा.

तेव्हां त्या तरुणांस जी योजना लिहून दिली तिचा आशय असा. पहिलें वर्ष केवळ यादीचें. तालुक्यांतील ज्या घरीं कागद आहेत तीं घरें, त्यांतील रुमालांची संख्या, लिपि, कांठावरचा पहिला व शेवटचा शक, कागदाची अवस्था, आणि मालकाची इच्छा. मालकाचें नांवगांव, त्याची लेखी संमति असल्यासच, प्रसिद्ध करावें. एरवीं तें मंडळाच्या वहींत राहूं द्यावें. याच वर्षीं आठवड्यास एक दिवस मोडीचा वर्ग. शिकविणारा वृद्ध मनुष्य प्रत्येक तालुक्यांत अजून एखादा तरी सांपडतो, आणि त्याच्या मागें कोणी सांपडणार नाहीं, म्हणून हा वर्ग पुढच्या वर्षावर ढकलूं नये.

दुसऱ्या वर्षीं एकच दप्तर. येथें तरुणांचा व प्रस्तुत लेखकाचा बराच वाद झाला, म्हणून गणित मांडून दाखविलें. आठ वाचक, प्रत्येकीं आठवड्यास दोन कागद, सणवार व परीक्षा वगळून वर्षाचे चाळीस आठवडे. एकूण ६४० वाचनें. प्रत्येक कागद दोघांनीं स्वतंत्रपणें वाचावयाचा, म्हणून ३२० कागद. म्हणजे मध्यम आकाराचा एखादा रुमाल. दहा हजारांच्या पुढें हा आंकडा केविलवाणा दिसतो खरा. पण हे तीनशें वीस कागद असे असतील कीं, त्यांचें छायाचित्र, उतारा, शकाचें परिवर्तन आणि ठावठिकाणा, सर्व एका ठिकाणीं, आणि चूक काढणारास दार उघडें. खऱ्यांची मर्यादा व मंडळाची सभा, दोन्ही यांत येतात. उतारा करतां येणार नाहीं असे कागद उरले तर त्यांचें पत्रसाराप्रमाणें दोन ओळींचें सार द्यावें आणि वाचन संशयित आहे असें तेथेंच लिहावें.

स्पर्धांविषयीं प्रस्तुत लेखकाचें मत प्रतिकूल आहे आणि तें त्यानें लपविलें नाहीं. पानें मोजून बक्षीस दिलें कीं पानें वाढतात. शाळेंत शुद्धलेखनाच्या वह्या मोजून गुण देणारा शिक्षक काय मिळवितो हें ज्यानें पाहिलें आहे त्यास अधिक सांगणें नको. बक्षीस द्यावयाचेंच तर दुसऱ्याची चूक सप्रमाण दाखविणारास द्यावें. मेळावा वर्षांतून एक पुरे, आणि तो गांवांत, दप्तराच्या मालकाच्या घरीं, त्याच्याच कागदांचें वाचन करून व्हावा. पैशाची गरज थोडी आहे: एक बरा कॅमेरा, त्याचा स्टँड, प्रवासखर्च, आणि छायाचित्रांच्या दोन प्रति दोन निरनिराळ्या गांवीं ठेवण्याची सोय. बाहेरून अनुदान मिळत असल्यास घ्यावें. मात्र अनुदान देणारास आंकडे हवे असतात म्हणून कामाचें माप बदलूं नये.

एक बारीक गोष्ट त्यांच्या खर्ड्यांत मुळींच नव्हती. रुमाल सोडण्यापूर्वीं त्याचें बांधलेल्या स्थितींत छायाचित्र घ्यावें, आणि आंतील कागद ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें त्यांस आंकडे घालावे. कालानुक्रमें लावण्याचा मोह पहिल्याच दिवशीं होतो. तो आवरावा, कारण कोणत्या कारकुनानें कोणता कागद कोणाच्या शेजारीं ठेवला यावरूनहि निनांवी पत्राचा धनी कळतो. कालानुक्रम संगणकावर केव्हांहि लावतां येईल. गांठीस जुनी चिठ्ठी असली तर तिलाहि एक आंकडा द्यावा, आणि काम संपल्यावर ती पुन्हां त्याच रुमालास बांधावी.